घरातील ग्रंथसंग्रहाची संगणकीय सूची : कोणते सॉफ्टवेअर आणि किती तपशील?

ओसरी

आमच्या ठाण्याच्या घरी वडिलांनी गेल्या पंचावन्न वर्षांत जमवलेला ग्रंथसंग्रह आहे. अंदाजे अठराशे पुस्तके असावीत; त्याखेरीज तीन लोखंडी पेट्या भरून दिवाळी अंक आहेत. येत्या मे महिन्यात आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची असून पुढची किमान तीन वर्षे भाड्याच्या लहान घरात काढावी लागतील. त्यामुळे अर्ध्याहून अधिक पुस्तके खोक्यांत बांधून नाशिकला भावाकडे ठेवायची आहेत. कोणते पुस्तक कोणत्या खोक्यात गेले हे ठाऊक नसेल, तर ते असून नसल्यासारखेच होईल. दादा (माझे वडील) ८४ वर्षांचे आहेत. त्यांनी १९८८पर्यंत हाताने एक नोंदवही ठेवली होती, ती पुढे बंद पडली.

गेल्या रविवारी मोबाईलवरील एका ॲपने बारकोड टिपून पाहिले. चाळीस पुस्तके घेतली. इंग्रजी पुस्तके क्षणात मुखपृष्ठासह अवतरली. एकतीस मराठी पुस्तकांपैकी मात्र नऊच सापडली, त्यांतली दोन रोमन लिपीत आली आणि एका कादंबरीच्या जागी गुजराती पाककृतींचे पुस्तक आले. मी संगणकक्षेत्रातला नाही. एक्सेल वापरता येते, इतकेच. माझे प्रश्न असे, की अशा संग्रहासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, बारकोड नसलेल्या पुस्तकांचे काय करावे, आणि प्रत्येक पुस्तकाची किती माहिती भरावी? हाती चार महिने आहेत.

कागदीघोडा

सॉफ्टवेअरचे नाव पेन. खोक्यावर क्रमांक घाला आणि वहीत यादी करा. चार्ज करावे लागत नाही.

दशांशचिन्ह

कागदीघोडा यांच्या उत्तरात विनोद असला तरी निम्मे तथ्यही आहे. मी सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली पहिली सोळा कार्डांवर आणि उरलेली संगणकावर. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बारकोड का चालला नाही ते आधी पाहू. पुस्तकावरचा बारकोड म्हणजे आयएसबीएन, अर्थात पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक असतो. ही पद्धत १९७० साली आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि आपल्याकडे १९८०च्या दशकात आली. त्यामुळे ओसरी यांच्या दादांच्या संग्रहातील पहिल्या पंधरा-वीस वर्षांच्या पुस्तकांवर तो सापडणार नाही, आणि नंतरच्याही अनेक मराठी पुस्तकांवर तो घेतलेलाच नसतो. काही ठिकाणी मलपृष्ठावर दिसणाऱ्या उभ्या रेघा या प्रकाशकाच्या किंवा दुकानाच्या अंतर्गत क्रमांकाच्या असतात. पाककृतींचे पुस्तक कदाचित असेच कुठून तरी आले असावे.

आता पद्धतीविषयी. ग्रंथालयात पुस्तक आले की त्याला सर्वप्रथम दाखल क्रमांक मिळतो. बाकीचे सारे नंतर. हा क्रमांक विषय, लेखक, आकार यांवर अवलंबून नसतो. १, २, ३ असा तो चढत जातो आणि पुस्तक हरवले तरी दुसऱ्याला दिला जात नाही. आपणही हेच करावे. शीर्षकपृष्ठाच्या मागे मऊ पेन्सिलीने दाखल क्रमांक लिहावा. बॉलपेन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको; ती दहा वर्षांत पिवळी पडते आणि निघताना कागदाचा पापुद्रा घेऊन जाते. दादांच्या नोंदवहीत क्रमांक असतील तर तेच पुढे चालवावेत, नव्याने एकपासून आरंभ करू नये.

माहिती शीर्षकपृष्ठावरून घ्यावी, मुखपृष्ठावरून नव्हे. चित्रकाराच्या सोयीने मुखपृष्ठावर नाव तोडलेले असते, उपशीर्षक गाळलेले असते. लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष आणि ठिकाण हे सहा रकाने पुरेत. यातले ‘ठिकाण’ म्हणजे प्रकाशनाचे गाव नव्हे, तर पुस्तक आता जिथे आहे ते कपाट, खण किंवा खोके. घरगुती यादीत हाच रकाना लोक विसरतात आणि मग ‘आहे, पण कुठे आहे’ अशी अवस्था होते.

दशांश वर्गीकरणाच्या, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देणाऱ्या ग्रंथालयीन पद्धतीच्या वाटेस जाऊ नये. माझे टोपणनाव पाहून आश्चर्य वाटेल, पण मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३ आहे आणि मराठी घरातल्या निम्म्या पुस्तकांना तो एकच क्रमांक मिळेल. जगाच्या ज्ञानाची वाटणी करणारी पद्धत आपल्या दोन कपाटांची वाटणी करू शकत नाही.

तांत्रिकमांत्रिक

दशांशचिन्ह यांच्याशी सहमत आहे. मी केवळ सॉफ्टवेअरपुरते लिहितो, कारण यातली बहुतेक मी वापरून सोडलेली आहेत.

लायब्ररीथिंग २००५पासून चालू आहे. ते केवळ दुकानांच्या माहितीवर विसंबत नाही, तर जगभरच्या अनेक ग्रंथालयांच्या सूचींतून नोंद आणते. आंतरजालावर चालते, म्हणून भावाला नाशिकहूनही पाहता येईल. कॅलिबर हे मूलतः ई-पुस्तकांसाठी आहे. त्यात रिकामी नोंद करून छापील पुस्तकही घालता येते. पण ते म्हणजे पोळपाटावर भाजी चिरण्यासारखे आहे, काम होते, समाधान होत नाही. झोटेरो संशोधकांसाठी आहे. आयएसबीएन दिला की नोंद आणते, मात्र ‘खोके क्रमांक’ असा स्वतंत्र रकाना त्यात सहज मिळत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी टेलिको उत्तम आहे. त्यात पुस्तकांप्रमाणे नाणी आणि तिकिटेही मांडता येतात, आणि स्वतःचे रकाने वाढवता येतात. कोहा हे खऱ्या ग्रंथालयांचे सॉफ्टवेअर, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मोफत आहे, पण घरी ते चालवायचे म्हणजे वरणभातासाठी आचारी आणि मांडव घालण्यासारखे होईल.

एक्सेल येत असेल तर अठराशे पुस्तकांना एक्सेल पुरते, हे माझे प्रामाणिक मत आहे. फक्त दोन खड्डे सांभाळावेत. आयएसबीएनचा रकाना आधीच ‘मजकूर’ या प्रकाराचा करून ठेवावा, नाहीतर एक्सेल त्या तेरा अंकी क्रमांकाला मोठी संख्या समजून ‘९.७८’ आणि पुढे दहाचा बारावा घात अशा रूपात दाखवते. तसेच सीएसव्ही (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून जतन केले, तर जे दिसते तेच जतन होते आणि मूळ अंक कायमचे जातात. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या दहा अंकी क्रमांकाच्या आरंभीचे शून्यही असेच गळते. दुसरा खड्डा असा, की सीएसव्ही जतन करताना ‘यूटीएफ-८’ असे लिहिलेला पर्यायच निवडावा. अन्यथा देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग नाहीतर फ्रेंच उच्चारचिन्हांची जत्रा उघडते.

ओसरी

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका आहे. २००७च्या आधीच्या पुस्तकांवर दहा अंकी क्रमांक आहे. त्याच्या आधी ९७८ जोडून पाहिले तर एकही पुस्तक मिळत नाही. असे का?

तांत्रिकमांत्रिक

कारण शेवटचा अंक बदलतो. तो तपासणीचा अंक असतो आणि दोन्ही पद्धतींत वेगळ्या हिशेबाने निघतो. दहा अंकीमधला शेवटचा अंक टाकून द्यावा, उरलेल्या नऊ अंकांआधी ९७८ लावावे, मग त्या बारा अंकांना क्रमाने १, ३, १, ३ असे गुणून बेरीज करावी. ती बेरीज पुढच्या दहाच्या पटीत नेण्यासाठी जितके कमी पडतात तो तेरावा अंक. बेरीज ९४ आली तर ६, आणि दहाच्या पटीतच आली तर शून्य. हाताने करण्याची गरज नाही, एक्सेलमध्ये सूत्र लिहिता येते. मी ते आपल्याला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

खानावळ

आमच्या घरी हा हिशेब तिसरीतल्या मुलीकडून करून घेता येईल. पाढ्यांचा सराव होईल आणि सूचीही.

परदेशस्थ_पाटील

ओसरी यांनी रोमन लिपीत आलेल्या दोन नोंदींचा उल्लेख केला आहे, त्याविषयी सांगतो. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस १९६२पासून दिल्लीतील आपल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील पुस्तके घेत आली आहे आणि तिथल्या सूचीत मराठी पुस्तके रोमन लिप्यंतरात नोंदवलेली असतात. त्या नियमानुसार व्यंजनातला अंत्य ‘अ’सुद्धा लिहिला जातो. म्हणजे खांडेकरांचे नाव तिथे ‘खाण्डेकर’ या अक्षरांपुढे आणखी एक ‘ए’ लावून येते आणि वाचताना ‘खाण्डेकरा, विष्णु सखारामा’ असे होते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटले, की कोणी तरी त्यांना अंगणातून हाक मारते आहे.

विनोद सोडला तर त्या नोंदी अतिशय विश्वासार्ह असतात. मी लायब्ररीथिंगवर तिथूनच नोंद ओढतो आणि मग शीर्षक व लेखक देवनागरीत बदलतो. वर्ष, पृष्ठसंख्या, प्रकाशक हे कष्ट वाचतात. न्यू जर्सीत असताना माझ्याजवळ चारशे मराठी पुस्तके होती, त्यांपैकी सुमारे दीडशेंच्या नोंदी अशा मिळाल्या.

वेलांटी

देवनागरीत बदलणे म्हणायला सोपे आहे, परंतु खरी कसोटी तिथेच लागते. मी मुद्रितशोधनाचे काम करते, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिली गोष्ट जुन्या शीर्षकांची. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार असतात. सूचीत ते जसेच्या तसे ठेवावेत, कारण शीर्षक हे पुस्तकाचे नाव आहे आणि कोणाचे नाव आपण दुरुस्त करत नाही. मात्र तसे ठेवले की ‘काही’ असा शोध घेतल्यावर ते पुस्तक मिळत नाही. म्हणून मी ‘शोधशीर्षक’ असा एक जास्तीचा रकाना ठेवते. त्यात आजच्या लेखनानुसार रूप लिहिते. दशांशचिन्ह यांच्या सहा रकान्यांत हा सातवा धरावा.

दुसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो : एकात नुक्ता असलेला ऱ वापरतात आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चेही तसेच आहे, ते एक अखंड अक्षर म्हणून लिहिता येते किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून. घरातले दोघे दोन कळफलकांवरून नोंदी करू लागले, की एकच लेखक यादीत दोनदा दिसतो आणि कोणाची चूक हे कळत नाही. एकाच कळफलकावर सर्व नोंदी कराव्यात, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तिसरी गोष्ट अकारविल्ह्यांची. आपल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट होतो. पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांत ळ हा ल नंतर लगेच येतो, क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये जातो. सॉफ्टवेअर मराठीचा क्रम पाळत नसेल, तर ‘ज्ञ’ने सुरू होणारे शीर्षक यादीच्या तळाशी शोधत बसू नये, मध्ये पाहावे.

सावंतवाडीचा_सोनचाफा

लेखकांच्या नावांचे काय करावे? आमच्या घरी यावरून वाद झाला. कविता आरती प्रभू यांच्या आणि कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या, माणूस एकच. पत्नीचे म्हणणे, की पुस्तकावर जे नाव आहे तेच लिहावे. माझे म्हणणे, की एका माणसाची पुस्तके एकत्र दिसली पाहिजेत.

दशांशचिन्ह

वहिनींचे बरोबर आहे आणि आपलेही. नोंद पुस्तकावरील नावाने करावी आणि ‘पाहा’ अशी उलटसुलट जोडणी द्यावी. कार्डांच्या काळात आम्ही ‘खानोलकर पाहा’ असे वेगळे कार्ड लावत असू. एक्सेलमध्ये ‘मूळ नाव’ असा रकाना केला की काम भागते. कुसुमाग्रज, ग्रेस, गोविंदाग्रज, बालकवी अशा सर्वांचा निकाल एकदाच लागतो. यापेक्षा अधिक त्रास आद्याक्षरांचा होतो. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल. देशपांडे’ आणि ‘देशपांडे पु. ल.’ हे संगणकाच्या लेखी तीन गृहस्थ आहेत. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग जागा सोडून आद्याक्षरे, असा एक नियम ठरवून तो भिंतीवर चिकटवून ठेवावा.

फिरस्ता

सर्वांचा आदर राखून मी विरुद्ध मत मांडतो. माझ्याकडे हजारभर पुस्तके आहेत आणि एकाचीही नोंद नाही. शोधायला गेलेले पुस्तक न मिळता शेजारचे दुसरेच हाती येते आणि दुपार त्यात जाते, हा माझ्या संग्रहाचा मुख्य उपयोग आहे. सूची केली की मनुष्य पुस्तकांकडे जाण्याऐवजी यादीकडे जातो. माझ्या एका मित्राने दोन वर्षे सूची केली. त्या दोन वर्षांत त्याने वाचलेल्या पुस्तकांची संख्या विचारली, तर तो विषय बदलतो.

दुसरीप्रत

फिरस्ता, माझ्या टोपणनावाचे कारण सांगते. सूची नसल्यामुळे मी एकच व्यक्तिचित्रसंग्रह चार वेळा विकत घेतला आहे. चौथ्या वेळी विक्रेतेच म्हणाले, ‘ताई, हे मागच्या वर्षी नेले होते तुम्ही.’

कृष्णाकाठ

फिरस्ता यांचे म्हणणे कपाट जागेवर असेपर्यंत खरे आहे. मी सांगलीचा. ऑगस्ट २०१९च्या पुरात आमच्या तळमजल्यावर सहा फूट पाणी होते आणि ते पाच दिवस उतरले नाही. खालच्या चार खणांतील पुस्तके फुगून एकमेकांत अशी रुतली होती, की कपाटाचा दरवाजा तोडावा लागला. वाळवायला काढली तेव्हा बहुतेकांची नावेही वाचता येत नव्हती. यादी माझ्याजवळ होती, पण ती त्याच कपाटातल्या वहीत होती.

आता मी दोन गोष्टी करतो. प्रत्येक खणाचा मोबाईलने समोरून एक फोटो घेतो, कणा वाचता येईल इतक्या अंतरावरून, आणि तो इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवतो. संपूर्ण घराला वीस मिनिटे लागतात. ओसरी यांनी कोणतेही सॉफ्टवेअर घ्यावे, पण हे फोटो आजच घ्यावेत. सूची अपुरी राहिली तरी पुरावा राहील. दुसरे म्हणजे विमा. १ एप्रिल २०२१पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामान आपोआप धरले जाते. मात्र नुकसानीच्या वेळी काय होते आणि काय गेले हे आपल्यालाच दाखवावे लागते. तेव्हा यादी आणि फोटो हेच बोलतात.

फिरस्ता

हे वाचून उठलो आणि फोटो काढले. सूची करणार नाही, फोटोंपर्यंत आलो आहे.

रसाळवांगे

दिवाळी अंकांकडे कोणीच वळले नाही, म्हणून लिहितो. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा १९०९चा अंक पहिला दिवाळी अंक मानला जातो, तेव्हापासूनच्या या सगळ्या पसाऱ्याला पुस्तकांचे कोणतेही सॉफ्टवेअर न्याय देत नाही. अंकाला आयएसबीएन नाही, लेखक एक नाही, बारीक अंकांच्या कण्यावर नावही नाही. पुन्हा अंकाचे नाव आणि वर्ष एवढेच नोंदवून उपयोग नसतो, कारण आपण अंक शोधत नसतो, त्यातली कथा शोधत असतो.

मी दोन तक्ते केले आहेत. पहिल्यात प्रत्येक अंकाला एक क्रमांक, नाव, वर्ष, संपादक आणि पेटी. दुसऱ्यात प्रत्येक लेखाची एक ओळ : लेखक, शीर्षक, प्रकार, पृष्ठ आणि पहिल्या तक्त्यातला अंकाचा क्रमांक. अनुक्रमणिका समोर ठेवून टंकले तर एका अंकाला पंचवीस मिनिटे लागतात. वेळ नसेल तर अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो काढून त्याला अंकाचा क्रमांक द्यावा. टंकलेखन निवृत्तीनंतर करता येते. माझ्याकडे २१२ अंक असून ९० झाले आहेत. निवृत्ती दोन वर्षांवर आहे.

लाखेचीतबकडी

थोडे अवांतर. सासऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांची सूची करताना मलाही हाच प्रश्न पडला होता. तिथे बारकोड नसतोच, पण मधल्या लेबलावर कंपनीचा क्रमांक असतो आणि आतल्या रिकाम्या वर्तुळात कोरलेला वेगळा साचाक्रमांक असतो. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर लेबलावरचा क्रमांक टाकला, की बऱ्याचदा नेमकी तीच आवृत्ती मिळते. पुस्तकांतही शीर्षकपृष्ठामागच्या मजकुराचा, म्हणजे मुद्रक, आवृत्ती, शके या भागाचा फोटो घेऊन ठेवल्यास पुढे पुस्तक उघडावे लागत नाही, असे सुचवावेसे वाटते.

वेलांटी

‘शके’वरून आठवले. जुन्या पुस्तकांवर केवळ शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत. छपाई जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानची असेल तर ७९. महिना दिलेला नसेल तर शके १८४८साठी १९२६-२७ असे दुहेरी लिहावे. आणि खातरजमा करावयाची असेल तर शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहेच. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातील पुस्तके आहेत. एका माणसाने आयुष्य घालवून हे संगणकाविना केले, याचा विचार आला की माझी तक्रार आपोआप थांबते.

ओसरी

(साडेतीन महिन्यांनी) धागा वर काढतो आहे. प्रगती सांगणे हे माझे कर्तव्य आहे.

अखेर एक्सेलच ठेवले. नव्वदीनंतरच्या पुस्तकांना लायब्ररीथिंगवरून नोंदी आणल्या. दादांच्या वहीतले क्रमांक १०४३पर्यंत होते, तिथून पुढे चालवले. आजवर १६९० नोंदी झाल्या असून ३१ खोकी बांधली आहेत. खोके बांधताना पुस्तके विषयाने लावायचा मोह टाळला आणि आकाराने भरली, कारण ठिकाणाचा रकाना असल्यावर खोक्यात शेजारी कोण आहे याने काही बिघडत नाही. प्रत्येक खोक्याच्या दोन बाजूंना क्रमांक लिहिला आहे. वरच्या बाजूला लिहिलेला क्रमांक दुसरे खोके ठेवले की झाकला जातो, हे पहिल्या सहा खोक्यांनंतर कळले. दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिकांचे फोटो झाले, टंकलेखन रसाळवांगे यांच्याप्रमाणे निवृत्तीवर सोपवले.

वहीतल्या क्रमांकांपैकी ५७ पुस्तके घरात नाहीत. दादांना विचारले तर त्यांतल्या बावीस जणांची नावे त्यांनी तिथल्या तिथे सांगितली, कोणी कोणते नेले ते सालासकट. त्यांच्यासाठी ‘उसने दिले’ असा आठवा रकाना उघडावा लागला.

अडचण आता एकच आहे. एका कादंबरीच्या शीर्षकपृष्ठावर आमच्या जुन्या गावच्या वाचनालयाचा शिक्का आहे आणि मागे परतीची तारीख आहे : १४ जून १९८३. दादा म्हणतात, की ते देऊन टाकायचेच होते, तेवढ्यात आपण ठाण्याला आलो. या पुस्तकाला दाखल क्रमांक द्यावा की नाही?

दशांशचिन्ह

देऊ नये. त्याला आधीच एक आहे, शिक्क्याच्या खाली पाहा.

कागदीघोडा

पेनाने लिहिलेला असेल.